मेलचा माळा आवरताना

८ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी आपण झोहो या भारतीय कंपनीच्या मेलवर गेल्याचं जाहीर केलं, सोबत नवा पत्ताही दिला. त्या दिवशी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्वदेशी-विदेशीचा नेहमीचा धुरळा उडाला. तो खाली बसल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी एकच प्रश्न टाकला: "पत्ता बदलते हो, पण माझ्या जुन्या मेलचं काय? ते तिकडे आपोआप जातात का?"

ग्रुप एकदम गप्प.

आपोआप जात नाहीत. आणि हे मला ठाऊक होतं, कारण जून महिन्यापासून मी त्याच चिखलात रुतलेलो होतो. सोसायटीचं सेक्रेटरीपद गळ्यात पडलं तेव्हा मला चार गोष्टी मिळाल्या: रबरी शिक्का, चेकबुक, किल्ल्यांचा जुडगा आणि एका चिठ्ठीवर लिहिलेला मेलचा पासवर्ड. खातं उघडलं तर वर लाल पट्टी, जागा संपली. न वाचलेले मेल २३ हजारांच्या वर. गूगलच्या फुकट खात्यात १५ जीबी जागा मिळते, पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून. ती भरली की नवे मेल येणंच थांबतं, पाठवणाऱ्याकडे परत जातात. लिफ्टवाल्याचं बिल आलं नाही म्हणून आम्ही भरलं नाही, आणि भरलं नाही म्हणून तो आला नाही.

त्यातच जुलैत गच्ची गळायला लागली. खजिनदार म्हणाले, "२०१५ ला वॉटरप्रूफिंग केलं तेव्हा कंत्राटदाराने दहा वर्षांची हमी दिली होती. मेलवर आली होती, मला पक्कं आठवतंय." कुठल्या मेलवर, कधी, विषय काय, हे मात्र आठवत नव्हतं. ते हमीपत्र शोधता शोधता जे समजलं ते इथे सांगतो. मेल नीट लावायचे कसे हा प्रश्न नंतरचा. मेल राहतात कुठे, हे आधी कळावं लागतं. ते एकदा कळलं की निम्मं आवरणं तिथेच होतं.

खिडकी आणि कपाट

आपण बहुतेक जण ब्राउझरमध्ये किंवा फोनवर मेल बघतो. म्हणजे काचेतून दुकानात डोकावतो. माल आत, गल्ला आत, आपण फुटपाथवर. नेट गेलं की शटर खाली. डेस्कटॉप मेल प्रोग्रॅम ही वेगळी वस्तू आहे. ते तुमच्या संगणकावर बसवलेलं कपाट आहे. दूरच्या मोठ्या संगणकावरून, म्हणजे सर्व्हरवरून, मेल उतरवून तो तुमच्या डिस्कवर ठेवतो. थंडरबर्ड, आउटलुक, अ‍ॅपलचं मेल ही त्यातली माहितीची नावं.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी हाच नेहमीचा मार्ग होता. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, त्यानंतर डायल-अपच्या त्या किरकिरीवर अनेकांनी मेल शिकला. फोन जोडायचा, मेल उतरवायचे, फोन तोडायचा, मग निवांत वाचून उत्तरं लिहायची, पुन्हा फोन जोडून पाठवायची. मिनिटांचे पैसे लागत. १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं, चक्क १ जीबी जागा घेऊन, आणि तिथून लोकांची कपाटं सुटत गेली. पुसायचं कशाला, आवरायचं कशाला, सगळं तिकडेच राहू दे! आपल्या १५ जीबीच्या माळ्याची सुरुवात त्या मोकळ्या जागेत आहे.

शिधा की जोडखातं?

आता थोडी तांत्रिक नावं. तीनच आहेत.

मेल पाठवण्याची पद्धत म्हणजे एसएमटीपी. १९८२ पासूनची. तिच्याकडे आपल्याला बघावंही लागत नाही, सोडून देऊ.

मेल घेण्याच्या पद्धती दोन. पहिली पॉप, १९८४ सालची. ही रेशन दुकानासारखी. पिशवी घेऊन गेलात, शिधा भरून घरी आणलात, दुकानदाराचा संबंध संपला. घरी डबा सांडला तर तुमचं तुम्ही बघा. (सर्व्हरवरही प्रत राहू द्या, अशी सोय पॉपमध्ये असते, पण ती मुद्दाम चालू ठेवावी लागते.) दुसरी आयमॅप. १९८६ मध्ये स्टॅनफर्डला मार्क क्रिस्पिन यांनी ती तयार केली. ही बँकेतल्या जोडखात्यासारखी. नवऱ्याने एका शाखेतून पैसे काढले की बायकोच्या पासबुकातही शिल्लक कमी. फोनवर मेल वाचला की संगणकावरही तो वाचलेला दिसतो. एका ठिकाणी फोल्डर केला की सगळीकडे होतो.

आणि एका ठिकाणी पुसलं की सगळीकडे पुसलं जातं. लोकांचा घात होतो तो इथे. आमच्याकडेच झाला. मागच्या समितीतल्या एका गृहस्थांनी फोन भरला म्हणून त्यातून सोसायटीचे 'जुने नको असलेले' मेल भराभर उडवले. त्यांची समजूत अशी, की आपल्या फोनमधले गेले, संगणकावरचे आहेतच की! खातं आयमॅपवर. ३० दिवस ते मेल कचरापेटीत पडून होते, कुणी पाहिलं नाही, मग कायमचे गेले. सन २०१७ चं एक अख्खं पावसाळी पर्व आमच्या दप्तरात नाही ते यामुळे.

तर आज खातं जोडताना आयमॅपच घ्या, कारण फोन आणि संगणक दोन्ही वापरायचे असतात. फक्त मनात पक्कं ठेवा की आयमॅपवरची तुमच्या संगणकातली प्रत ही बॅकअप नव्हे. ते आरशातलं प्रतिबिंब आहे.

कुठला प्रोग्रॅम घ्यावा?

मी थंडरबर्ड वापरतो, म्हणून पुढची उदाहरणं त्यातली. फायरफॉक्स ब्राउझर करणाऱ्या मोझिलाच्या घरातलं हे भावंड. पहिली पक्की आवृत्ती ७ डिसेंबर २००४ ला आली. मधल्या काळात, २०१२ च्या सुमाराला, मोझिलाने त्यावरचा हात काढता घेतला आणि आता हे गेलंच असं वाटलं होतं. पण वापरणाऱ्यांच्या देणग्यांवर ते तगलं, आणि आता चांगलं बाळसं धरून आहे. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं.

विंडोजसोबत येणारं साधं 'मेल' अ‍ॅप बरेच जण वापरत. मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ ला त्याचा आधार काढून घेतला आणि सगळ्यांना 'नव्या आउटलुक'कडे वळवलं. इथे एक मेख आहे. नव्या आउटलुकमध्ये जीमेलचं खातं जोडलं तर तुमचे मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमार्फत, म्हणजे त्यांच्या सर्व्हरवरून फिरून येतात. दिसायला डेस्कटॉपवरचा प्रोग्रॅम, स्वभावाने खिडकीच. जुनं, म्हणजे क्लासिक आउटलुक, हे मात्र खरं कपाट. ऑफिसात ते असेल तर खाली सांगतोय त्यातलं बहुतेक सगळं त्यातही जमतं.

पासवर्ड देऊ? गूगलचं पान का उघडतं?

थंडरबर्डमध्ये जीमेलचा पत्ता घातला की ते पासवर्ड ठेवून न घेता गूगलचंच लॉगिन पान उघडतं. काकूंना हे संशयास्पद वाटलं. खरं तर उलट आहे. वैयक्तिक खात्यांसाठी गूगलने मे २०२२ अखेर नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रॅमना आत घेणं बंद केलं. आता देवळाबाहेरच्या चपला स्टँडसारखं चालतं. तुम्ही ओळख पटवता गूगलला, आणि गूगल थंडरबर्डला एक बिल्ला देतं. त्या बिल्ल्यावर मेल मिळतात. पासवर्ड थंडरबर्डला कळतच नाही. लॅपटॉप हरवला तर गूगलच्या खात्यात जाऊन तो एक बिल्ला रद्द करायचा, पासवर्ड तोच राहतो. काही कंपन्या बिल्ल्याऐवजी एका प्रोग्रॅमपुरता वेगळा पासवर्ड तयार करून देतात. कल्पना तीच.

एक धीराचा भाग. खातं जोडलं की १५ जीबी संध्याकाळपर्यंत उतरतील असं मला वाटलं होतं. गूगल आयमॅपवरून दिवसाला साधारण २५०० एमबी उतरवू देतं. हिशेब करा, सहा दिवस. मधेच थंडरबर्ड 'जमत नाही' म्हणालं तर प्रोग्रॅम बिघडला म्हणून काढून टाकू नका. त्या दिवसाचा कोटा संपलेला असतो, इतकंच.

आणि जीमेलपुरती आणखी एक गोम: जीमेलमध्ये फोल्डर नसतात, चिकटवलेली लेबलं असतात. एका मेलवर तीन लेबलं असली तर थंडरबर्डला तो तीन फोल्डरांत दिसतो, शिवाय 'ऑल मेल'मध्ये चौथ्यांदा. सगळे उतरवले तर डिस्कवर चार प्रती. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन 'ऑल मेल' हा एकच पूर्ण उतरवायला सांगा, बाकीच्यांवरची खूण काढा.

फोल्डर किती करावेत?

कमी. माझं उत्तर इतकंच आहे, पण ते मी चुकून शिकलो, म्हणून सांगतो.

पहिल्या उत्साहात मी एका रविवारी ४१ फोल्डर केले. लिफ्ट, पाणी, गच्ची, पार्किंग, ना-हरकत पत्रं, उपनिबंधक कार्यालय, भाडेकरू, भाडेकरूंच्या तक्रारी, भाडेकरूंविरुद्ध तक्रारी. बायको म्हणाली, मिसळणाच्या डब्यात सात वाट्या असतात, त्याला कारण आहे. सोमवारी मेल आला: लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचलंय, पार्किंगच्या बाजूने झिरपतंय, बहुतेक टाकीची गळती. आता हा लिफ्टमध्ये, पाण्यात की पार्किंगमध्ये?

फोल्डरचा मूळ दोष हाच. मेल एक, जागा एक. विषय मात्र एकाच मेलमध्ये तीन-तीन असतात. आणि सहा महिन्यांनी तो शोधताना आपण कुठल्या मनःस्थितीत तो कुठे टाकला होता हे आठवत नाही. आयबीएमच्या संशोधकांनी २०११ मध्ये ३४५ जणांनी जुने मेल शोधण्यासाठी केलेल्या ८५ हजारांहून जास्त खटपटी तपासल्या. काळजीपूर्वक फोल्डर लावणाऱ्यांना त्याचा काही फायदा झालेला दिसला नाही. शोध-चौकटीत शब्द टाकणारे लवकर पोचत होते. ४१ फोल्डर केल्यानंतर हे वाचनात आलं याचं मला फार वाईट वाटलं.

आता माझे फोल्डर चार: आलेले, वाट बघतोय, फुरसतीत, आणि वर्षावार जुने. शेवटच्यासाठी काही करावं लागत नाही. मेल निवडून इंग्रजी ए हे बटण दाबलं की थंडरबर्ड तो त्या त्या वर्षाच्या कप्प्यात नेऊन ठेवतं. काम झालं, ए. वाचलं, ए. विचार करायचा नाही. ज्यात आपल्याला काही करायचं बाकी आहे तेवढेच मेल समोर राहतात. सकाळच्या कणकेच्या परातीसारखं, जे मळायचंय तेवढंच वर.

विषयांसाठी टॅग. टॅग म्हणजे रंगीत बिंदी, एका मेलला कितीही लावा. थंडरबर्डमध्ये तयार पाच मिळतात आणि १ ते ५ हे आकडे दाबले की लागतात. मी त्यांची नावं बदलून पैसे, दुरुस्ती, सभा, सरकारी, भांडणं अशी केली. शेवटचा रंग लाल.

शोधूनच सापडतं, तर मग हे तरी कशाला?

रास्त शंका. शोध उत्तम आहे, पण काय शोधायचं ते माहीत असेल तर. 'ज्यांना मी अजून उत्तर दिलेलं नाही' हे शोध-चौकटीत टाकता येत नाही. समोर पडलेले मेल ती आठवण करून देतात.

आणि जे शोध आपण पुन्हा पुन्हा घेतो त्यांच्यासाठी एक सुरेख सोय आहे, साठवलेला शोध. बाहेरून फोल्डरसारखाच दिसतो, आत मात्र काही नसतं. तो एक लिहून ठेवलेला प्रश्न असतो: गेल्या ९० दिवसांतले, जोडपत्र (अटॅचमेंट) असलेले, 'पैसे' टॅगचे मेल दाखव. उघडाल तेव्हा ताजं उत्तर. मेल जागचा हलत नाही. काढून टाकला तर प्रश्न जातो, मेल राहतात. ऑडिटरसाठी मी असा एक करून ठेवलाय, आणि दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये होणारी शोधाशोध त्यातून टळणार आहे.

चाळण्या

मेल आल्या आल्या त्याला योग्य वाटेला लावणारे नियम म्हणजे फिल्टर. चाळणीच. 'पाठवणारा अमुक असेल तर तमुक टॅग लाव', असे दोन-चार नियम पुरतात. माझ्या मते एकाच चाळणीने निम्मा कचरा बाजूला होतो: मेलच्या मजकुरात 'अनसबस्क्राइब' हा इंग्रजी शब्द असेल तर तो 'फुरसतीत' टाक. जिवंत माणूस आपल्याला लिहिताना खाली 'अनसबस्क्राइब' लिहीत नाही. जाहिराती, ऑफर, बातमीपत्रं सगळी तिकडे वाहून जातात. त्यात चुकून काही कामाचं गेलं तर त्या पाठवणाऱ्यासाठी वर एक अपवाद करायचा. वर म्हणजे खरंच वर, कारण नियम वरून खाली चालतात, आणि त्या अपवादाला 'इथेच थांब' असंही सांगावं लागतं.

जीमेलवाल्यांसाठी एक छोटी युक्ती. तुमच्या पत्त्यात नावापुढे अधिकचं चिन्ह आणि कुठलाही शब्द घातला तरी मेल तुम्हालाच येतो. सभासदांना मी देखभाल शुल्काच्या पावत्यांसाठी 'सोसायटीचं नाव+पावती' असा पत्ता दिला. आता त्या पत्त्यावर आलेलं सगळं एका नियमाने आपोआप 'पैसे' होतं.

चाळणीची एक मर्यादा कुणी सांगत नाही. थंडरबर्डच्या चाळण्या थंडरबर्ड चालू असेल तेव्हाच चालतात. संगणक बंद असताना फोनवर सगळा गाळ तसाच दिसतो. म्हणून जो नियम चोवीस तास हवा तो जीमेलच्या किंवा झोहोच्या संकेतस्थळावर लावा, घरच्या सोयीचे नियम घरी.

नको त्या मेलसाठी थंडरबर्डला शिकवावंही लागतं. ते नव्या वॉचमनसारखं आहे. पहिले पंधरा दिवस दूधवाल्याला अडवतो आणि चोराला सलाम करतो. कचरा असेल तर 'जंक' म्हणा, चुकून अडवलेला असेल तर 'जंक नाही' म्हणा. लोक पहिलं करतात आणि दुसरं विसरतात, मग तो सगळ्यांनाच अडवायला लागतो.

जागा खाल्ली कुणी?

२३ हजार मेल वाचून पुसायला बसलात तर आयुष्य जाईल आणि जागा फारशी सुटणार नाही. मजकुराला जागा जवळजवळ लागतच नाही. जागा खातात जोडपत्रं. त्यात एक जुनी भानगड आहे: मेलची व्यवस्था मुळात साध्या अक्षरांसाठी बांधलेली, चित्रं-फायली तिला पेलत नाहीत. म्हणून जोडपत्र आधी अक्षरांत बदललं जातं, आणि दर ३ बाइटची ४ अक्षरं होतात. फाइल एक तृतीयांशाने फुगते. जीमेल २५ एमबीची मर्यादा सांगतं, पण सुमारे १८ एमबीच्या वरची फाइल अडखळायला लागते ती यामुळे.

थंडरबर्डमध्ये 'साइझ' हा स्तंभ लावून त्यावर क्लिक केलं की सगळ्यात जड मेल वर येतात. आमच्या खात्यात वरचे साधारण ३०० मेल अर्ध्याहून जास्त जागा अडवून बसले होते. गणेशोत्सवाचे फोटो, त्याच फोटोंना 'खूप छान' असं उत्तर देताना पुन्हा जोडले गेलेले तेच फोटो. जोडपत्र संगणकावर काढून ठेवून मेलमधून तेवढंच पुसता येतं. मजकूर, तारीख, पाठवणारा सगळं शाबूत राहतं.

घरच्या डिस्कवर मात्र एवढ्याने जागा सुटत नाही. थंडरबर्ड साधारणपणे एका फोल्डरचे सगळे मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये एकाखाली एक लिहितं, वहीसारखं. पुसलेला मेल म्हणजे वहीत काट मारलेली ओळ. पान फाटत नाही. 'कॉम्पॅक्ट' म्हटलं की ते काटलेल्या ओळी गाळून अख्खी वही नव्याने उतरवून काढतं. ते चालू असताना वीज जाऊ देऊ नका आणि प्रोग्रॅम बंद करू नका.

एक प्रत घरी

आता काकूंचा प्रश्न. थंडरबर्डमध्ये डाव्या बाजूला खात्यांच्या खाली 'लोकल फोल्डर्स' दिसतात. हे खरं घरचं कपाट. याचा कुठल्याही सर्व्हरशी संबंध नाही. इथे ठेवलेला मेल गूगल बंद पडलं, खातं गेलं, पासवर्ड विसरला तरी राहतो. गूगलचं धोरण असं, की सलग दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं ते काढून टाकू शकतं. निवर्तलेल्या वडिलांच्या मेलची काळजी असणाऱ्यांनी हे आजच लक्षात घ्यावं.

पत्ता बदलायचा असेल तर जुनं आणि नवं अशी दोन्ही खाती थंडरबर्डमध्ये जोडा. जुन्यातले एका वर्षाचे मेल निवडा, उजवं क्लिक करा, 'कॉपी टू' म्हणा, नव्या खात्यातला फोल्डर दाखवा. ओढून टाकू नका. ओढताना 'हलवलं' जाण्याचा धोका असतो, आणि मधेच नेट गेलं तर अर्धं इकडे अर्धं तिकडे. एक वर्ष झालं की दोन्हीकडची संख्या ताडून बघा, मग पुढचं वर्ष. जुनं खातं लगेच बंद करू नका. बँक, आयकर, विमा, गॅस, मुलांची शाळा, सगळीकडे नवा पत्ता पोचायला वर्ष जातं. आणि नव्या कंपनीच्या फुकट खात्यात आयमॅप मिळतं का हे आधी बघा, नाहीतर पुन्हा खिडकीच.

पण संगणकच बिघडला तर? चोरीला गेला तर?

बिघडेल. म्हणून घरच्या कपाटाचीही दुसरी प्रत हवी. थंडरबर्डचं सगळं सामान, मेल, चाळण्या, पत्ते, एका 'प्रोफाइल' फोल्डरमध्ये असतं. 'हेल्प'मधल्या ट्रबलशूटिंगच्या पानावर तो उघडायचं बटण आहे. प्रोग्रॅम बंद करून तो अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायचा. मी महिन्याच्या पहिल्या रविवारी करतो, पाण्याची टाकी धुतात त्याच दिवशी, म्हणजे विसरत नाही.

चोरीचं उत्तर जरा कडू आहे. थंडरबर्ड डिस्कवर मेल उघडेच ठेवतं. त्यात 'प्रायमरी पासवर्ड' लावता येतो, पण तो फक्त साठवलेले पासवर्ड झाकतो, मेल नाही. मेल झाकायचे तर संगणकाची डिस्कच कुलूपबंद करावी लागते, विंडोजच्या काही आवृत्त्यांत त्यासाठी बिटलॉकर आहे. सोसायटीच्या ऑफिसातल्या, सगळे जण वापरतात त्या संगणकावर आपलं खासगी खातं तर बिलकूल जोडू नये.

मराठीची खास गंमत

एवढं सगळं करून हमीपत्र सापडलं नव्हतं. 'वॉटरप्रूफिंग' टाकलं, शून्य. 'गच्ची' टाकलं, मध्यंतरीच्या भांडणांचे १४ मेल. 'हमी', 'हमीपत्र', 'गॅरंटी', 'गॅरेंटी', 'ग्यारंटी', रोमन अक्षरांतले चार प्रकार. काही नाही.

यंत्राचा शोध अक्षर न् अक्षर जुळवतो. 'नोटीस' आणि 'नोटिस' त्याच्या लेखी दोन वेगळे शब्द. त्याहून मोठी अडचण जुन्या फाँटची. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांसाठीची एकच सामायिक संकेतपद्धत, रुळायच्या आधी, आणि नंतरही बरीच वर्षं, डीटीपीवाले जे मराठी टाइप करत त्यात पडद्यावर 'क' दिसत असला तरी फाइलमध्ये एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असे. तो फाँट नसला की मजकूर म्हणजे कंस, टिंबं आणि उलटीसुलटी अक्षरं. माणसाला वाचता येत नाही, यंत्राला शोधता येत नाही. आणि स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे तर निव्वळ फोटो. तसंही थंडरबर्ड जोडपत्रांच्या आत शोधत नाहीच.

मग मजकूर सोडला आणि बाकीच्या खुणा धरल्या. साल २०१५. जोडपत्र असलेले. पाठवणारा आमच्यापैकी कुणी नाही. उरले १९ मेल, ते हाताने उघडले. अकरावा. विषयाच्या जागी इंग्रजीत नुसतं 'बिल', मागे दोन वेळा पुढे पाठवल्याच्या खुणा. मजकूर कंस-टिंबांचा. जोडपत्रात तिरका स्कॅन झालेला, कंत्राटदाराच्या सहीशिक्क्याचा एक कागद.

आता मी कुठलंही महत्त्वाचं पत्र आलं की ते स्वतःलाच पुन्हा पाठवतो, विषयात साल आणि दोन साधे शब्द घालून: '२०२५ गच्ची हमी'.

त्या कागदावर दहा वर्षांची हमी होती, अगदी खजिनदार म्हणाले तशीच, ३१ मे २०२५ पर्यंत. मी चार्ज घेतला तो २ जूनला.